खालचं रान आणि जतचा माळ : प्रकल्प नोंदी

बी.एस्सी. तिसरं वर्ष, वनस्पतिशास्त्र. विषय : खारवट आणि कोरड्या जमिनीत झाडं कशी तगतात. जिल्हा सांगली. काम जोडीनं आहे. जोडीदार जत तालुक्यातली, मी वाळवा तालुक्यातली. नोंदी मी लिहिते, आकडे ती तपासते.

४ जानेवारी

विषय सरांपुढे ठेवला. त्यांचं पहिलंच वाक्य, "हे दोन प्रकल्प झाले, एक निवडा." त्यांचंही खरं आहे. जतला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आलं तर. आमच्याकडे कृष्णेचं पाणी बारमाही आणि खालच्या अंगाची रानं पांढरी पडलेली. एकीकडे पाणी नाही म्हणून, दुसरीकडे पाणी फार म्हणून.

आम्ही हटून बसलो, कारण झाडाच्या मुळाला हा फरक कळत नाही. मूळ पाणी ओढतं ते आतलं द्रावण बाहेरच्यापेक्षा दाट असतं म्हणून. जमीन वाळली की पाणी मातीच्या कणांना चिकटून बसतं आणि सुटत नाही. मीठ वाढलं की तेच पाणी मिठाला धरून बसतं. दोन्हीकडे ओढ वाढवावी लागते. ही ओढ मेगापास्कलमध्ये मोजतात, आकडा जितका उणे तितकी ओढ जास्त. बहुतेक पिकं उणे १.५ च्या आसपास कायमची माना टाकतात. मातीतल्या पाण्याची क्षारता (ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये) १० असली, तर निव्वळ मिठामुळे सुमारे उणे ०.३६ चा भार पडतो, म्हणजे ओल्या चिखलातही पिकाला चौथाई दुष्काळ. समुद्राच्या पाण्यात हाच आकडा उणे २.५ च्या घरात जातो.

सर म्हणाले, "बरं, मग खारवट रानातलं झाड आणि माळावरचं झाड एकच युक्ती करतात का, ते दाखवा." आता प्रश्न हाच.

१२ जानेवारी

घरच्या रानातले माती नमुने घेतले : ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर. वरच्या अंगाला आडसाली ऊस तोडीला आलाय, खालच्या अंगाला ऊस कमरेइतका. पेरं आखूड, पानांचे शेंडे करपलेले. आजोबा असताना या खालच्या तुकड्याचा गूळ काळपट निघायचा, खारट लागायचा आणि पावसाळ्यात पाघळायचा, असं आप्पा सांगतात.

मातीवर पांढरा थर फुटलाय. भिजली की पाय घसरेल अशी तेलकट काळी जागाही आहे, ओढ्याजवळ. या दोन वेगळ्या जागा आहेत. पांढरी ती क्षारयुक्त : ईसी ४ च्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत. काळी तेलकट ती चोपण : सामू ८.५ च्या वर, मातीच्या कणांवर सोडियम चिकटलेला, त्यामुळे कण फुगून पसरतात आणि पाणी खाली मुरत नाही. पहिलीत झाड तहानतं, दुसरीत मुळं गुदमरतात. गावात दोन्हीला क्षारपडच म्हणतात. उपाय मात्र वेगळे आहेत. जिप्सम लागतं ते चोपणला.

आमच्या वाचनात वरच्या थराचा ईसी खालच्या थराच्या दुपटीहून जास्त आला. त्याचं कारण सरळ आहे. खाली पाणी वर चढून बसलंय, ते काळ्या मातीतून केशाकर्षणानं वर येतं, उन्हानं पाणी उडतं, मीठ राहतं. एक खूणगाठ : आपल्याकडच्या प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून ईसी काढतात, तर पिकांच्या सहनशक्तीचे तक्ते संपृक्त मातीच्या अर्कावर बेतलेले असतात. पातळ केलेल्या द्रावणाचा आकडा लहानच येणार. मृदा पत्रिकेवरचा आकडा थेट तक्त्याशी ताडून "आपलं रान बरं आहे" म्हणणारे गावात बरेच भेटतील.

आप्पांचा प्रश्न : "नदीचं पाणी गोडं, मग मीठ आलं कुठनं?" रात्री हिशेब मांडला. गोड्या पाण्याच्या लिटरमागेही पावएक ग्रॅम क्षार असतातच. ईसी ०.५ धरला तर सुमारे ०.३२ ग्रॅम. उसाला वर्षात दोन मीटर पाणी पाजलं तर एकराला ८० लाख लिटर होतं. म्हणजे अडीच टन क्षार. विहिरीचं पाणी ईसी २ चं असेल तर दहा टन. यातले सगळे घातक नसतात, बराचसा चुना मातीतच बसतो. पण निचरा नसेल तर उरलेलं जाणार कुठे? ऊस पाणी पितो, मीठ गाळून बाहेर ठेवतो.

आप्पा आकडा ऐकून गप्प बसले, मग म्हणाले, "पोत्यात मोज." पन्नास किलोची पन्नास पोती.

२ फेब्रुवारी

रुजवणीचा प्रयोग लावला. कल्पना जोडीदारणीची, आणि ती पक्की आहे. मीठ बियाला दोन प्रकारे छळतं : पाणी अडवतं आणि आत शिरून विषारी ठरतं. हे दोन त्रास वेगळे कसे पाहायचे? तर पाणी तितकंच अडवणारा, पण आत न शिरणारा पदार्थ घ्यायचा. पॉलिइथिलीन ग्लायकॉल ६००० (पीईजी). त्याचा रेणू एवढा मोठा की पेशीभित्तीतून जात नाही.

लिटरला ५.८५ ग्रॅम मीठ, म्हणजे १०० मिलिमोलर; ओढ सुमारे उणे ०.४५ मेगापास्कल. २५ अंशाला तेवढीच ओढ द्यायला एक किलो पाण्यात १९० ग्रॅमच्या जवळपास पीईजी लागतं. द्रावण पाकासारखं दाट होतं. बिया : हरभरा, मालदांडी ज्वारी आणि सातू. तिसऱ्या ओळीत साधं पाणी.

९ फेब्रुवारी

आमचा अंदाज होता की मिठातलं बी मागं पडेल. पहिल्या दिवसांत उलटच दिसलं. मिठातला हरभरा पीईजीतल्यापेक्षा आधी फुगला आणि आधी फुटला. मीठ आत शिरतं, आतलं द्रावण दाट होतं, म्हणून पाणीही मागोमाग येतं. पीईजीत आत काहीच जात नाही. बियाला स्वतःच्या साठ्यातून ओढ उभी करावी लागते.

खरी गंमत पुढे झाली. दोन्ही बशांतलं बी धुऊन साध्या पाण्यात ठेवलं. पीईजीतला हरभरा जागा झाला, मुळं पांढरीशुभ्र. मिठातल्याची मुळांची टोकं तपकिरी पडली, काही पुढे सरकलीच नाहीत. ज्वारीत फरक कमी आणि सातूत नावालाच. तेव्हा सरांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं : कोरड संपली की सुटका आहे, मिठातून बाहेर काढलं तरी आत गेलेलं मीठ आतच राहतं. माळावरच्या झाडाला वाट पाहता येते, खारवट रानातल्या झाडाला रोज हिशेब चुकता करावा लागतो.

मास आणि हॉफमन यांचा १९७७ चा तक्ता भिंतीवर लावला. कुठल्या ईसीपर्यंत पीक तग धरतं आणि त्यापुढे दर एककाला उत्पादन किती टक्के घटतं, हे त्यात आहे. सातू ८, कापूस ७.७, गहू ६. ऊस फक्त १.७, पुढे दर एककाला ५.९ टक्के घट. ईसी ७ असेल तर तीस टक्क्यांच्या वर ऊस गेला. आणि आमच्या भागात उसाला "दणकट पीक" म्हणतात!

१६ फेब्रुवारी

ग्रंथालयात. आज हाती लागलं ते सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर.

समुद्रकाठी मिठात वाढणाऱ्या झाडांची विकरं (एन्झाइम) मिठाला दाद न देणारी असतील, असं आपण गृहीत धरतो. १९७२ साली टिमोथी फ्लॉवर्स यांनी हे तपासलं. स्वेडा मॅरिटिमा हे मिठातच खुलणारं झुडूप आणि आपला वाटाणा, दोन्हींची विकरं काढून मिठाच्या द्रावणात ठेवली. स्वेडाची विकरंही वाटाण्याइतकीच नाजूक निघाली. मिठात वाढणाऱ्या झाडाचं पेशीद्रव मुळीच खारवट नसतं, ते झाड मीठ तिथे येऊच देत नाही.

मग ठेवतं कुठे? रिक्तिकेत. पेशीच्या मधोमध पाण्याची मोठी पिशवी असते, तिच्या पडद्यावरचे वाहक सोडियम आत ढकलतात आणि हायड्रोजन बाहेर घेतात. पिशवीत मीठ साठलं की तेच पाणी ओढायला कामाला येतं, फुकटचं परासरण. पण मग बाहेरचं पेशीद्रव सुकेल. ते सांभाळायला झाड त्यात निरुपद्रवी द्रव्यं भरतं : प्रोलीन, ग्लायसिन बीटेन, साखरा. ही बनवायला नायट्रोजन लागतो, कर्ब लागतो, वाहक चालवायला ऊर्जा लागते. खारवट रानातला ऊस खुजा का राहतो, याचं एक कारण हेच आहे. कमावलेलं राखणीतच संपतं.

पिकांचा मार्ग थोडा वेगळा. त्यांना पिशवी भरण्यापेक्षा दारातच अडवणं जमतं. मुळाच्या आत एक मेणकट पट्टा असतो, त्याला वळसा घालून काही जाऊ शकत नाही. पेशीतूनच जावं लागतं आणि पेशी पोटॅशियम घेते, सोडियम टाळते. तरी चुकून वर चाललेलं सोडियम जलवाहिनीतून परत खेचणारे वाहकही असतात. २०१२ साली ऑस्ट्रेलियात राना मन्स आणि सहकाऱ्यांनी गव्हाच्या एका प्राचीन नातलगाकडून असा एक जनुक संकरानं बन्सी जातीच्या गव्हात आणला. खारवट शेतात उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत जास्त आलं. पानात सोडियम पोचू दिलं नाही, एवढंच त्यानं केलं.

२३ फेब्रुवारी

हरळी. आमच्याकडे बांधावर नि सरीत हिला शिव्या घातल्याशिवाय खुरपणी होत नाही. खालच्या रानात जिथे ऊस मेलाय तिथे हिचा गालिचा आहे. हिच्या पानावर दोन पेशींच्या मीठग्रंथी असतात. मीठ आत घेऊन पानावाटे बाहेर टाकते.

पडताळा : पान ऊर्ध्वपातित पाण्यानं धुतलं, तिथल्या तिथे पॉलिथिनच्या पिशवीत झाकलं (नाहीतर वाऱ्यानं उडालेली खारी धूळच मोजत बसू), काही दिवसांनी पुन्हा धुऊन त्या पाण्याचा ईसी घेतला. महाविद्यालयाच्या हिरवळीवरच्या हरळीचंही तसंच केलं. रानातल्या हरळीचं धुवण स्पष्टपणे खारं. हिरवळीवरच्या हरळीचा काटा जेमतेम हलला. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथी दिसल्या असं मी म्हणते, जोडीदारीण म्हणते ते पानावरचे साधे केस आहेत. फोटो सरांना दिलाय.

चाकवताच्या पानावरची पांढरी भुकटीही पाहिली. ते फुगीर पाणीदार केस आहेत. त्याच कुळातल्या अ‍ॅट्रिप्लेक्समध्ये अशा फुग्यांत मीठ भरतं आणि फुगा फुटून गळून जातो. चाकवतात मीठ साठतं का, ते पाहायला वेळ नाही. परिशिष्टात चित्र तेवढं टाकू.

९ मार्च, जत तालुका

जोडीदारणीच्या घरी मुक्काम. मालदांडीची काढणी उरकली आहे. पेरणीनंतर पाऊस नसताना केवळ जमिनीतल्या ओलीवर ही ज्वारी येते. पानांवर मेणाचा पांढरट लेप, ऊन चढलं की पान सुरळी करून घेतं, आणि ओल अगदीच तुटली की वाढ थांबवून बसते, पाणी मिळालं की पुन्हा चालू. तिची आजी म्हणाली, "ज्वारी दम धरती बाळ, मका न्हाई धरत." जनावराला कोवळी ज्वारी घालू नये हेही त्यांनीच सांगितलं. पाण्याअभावी खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड सोडणारं द्रव्य वाढतं, गाय दगावते.

माळावर : तरवड, हिवर, बोर, रुई, निवडुंग, एका जागी नेपती. नेपतीला पानंच नाहीत, हिरव्या काटक्याच अन्न करतात, आणि अशा उन्हात लाल फुलांनी भरलीय. बोर पानं टाकून मोकळी होते. रुईनं पान ठेवलंय, पण मेण आणि पांढरी लव असं दुहेरी पांघरूण घालून. वेडी बाभूळ इथेही आहे आणि आमच्या क्षारपड रानातही. दोन्ही ठिकाणी सुखात असलेलं हे एकच झाड आम्हाला सापडलं. हिच्या कुळातल्या एका झाडाचं मूळ अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात एका खाणीत ५३ मीटर खोल आढळल्याची नोंद आहे. जतच्या बोअरवेलवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग मशीन कशाला लावायचं, हिलाच विचारू."

नेलपॉलिशचा पातळ थर पानावर लावून वाळल्यावर सोलला की पर्णरंध्रांचा ठसा निघतो. कण्हेरीच्या पानाचा मात्र ठसा निघत नाही, कारण तिची रंध्रं पानाखालच्या खड्ड्यांत केसांआड दडलेली. त्यासाठी आडवा छेद घ्यावा लागला.

१० मार्च, जत, पहाट

पानफुटी, कोरफड आणि निवडुंगाचं पान किंवा खोड ठेचून रसाचा सामू कागदावर पाहिला, काल संध्याकाळी आणि आज उजाडायच्या आधी. पानफुटीचा सामू संध्याकाळी ५.५ च्या पुढे, पहाटे ४ च्या जवळ. ही झाडं दिवसा रंध्रं मिटून घेतात. रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत साठवतात आणि दिवसा दार बंद ठेवून वापरतात.

हे पहिल्यांदा टिपलं ते जिभेनं, आणि तेही भारतात. मद्रास इलाख्यात कंपनीच्या नोकरीत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन पानफुटीचं पान चघळत : सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडसर. १८१५ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीनं ते छापलं. आम्हीही चघळून पाहिलं. आंबट कळलं, कडसर काही मला जाणवलं नाही.

मिठाची पिशवी आणि आम्लाची पिशवी, दोन्हींना जागा रिक्तिकेचीच. जाड रसदार पान माळावरही दिसतं आणि समुद्रकाठच्या खाजणातही, ते यामुळे. एकीकडे पाण्याचा साठा, दुसरीकडे मीठ पातळ करायला पाणी.

२४ मार्च

घोळ. भाजीची घोळ, कुंडीत लावलेली. काही कुंड्यांना रोज पाणी, काहींचं तोडलं. पाणी मिळणाऱ्या घोळीत सकाळ-संध्याकाळच्या सामूत फरक नाही. तहानलेल्या घोळीत पहाटेचा रस आंबट. एरवी ही मक्या-उसासारखी जलद पद्धत वापरते, पाणी तुटलं की निवडुंगाची पद्धत जोडीला घेते, आणि पाणी मिळालं की परत पहिल्या चालीवर येते. २०२२ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की दोन्ही पद्धती त्याच पानाच्या त्याच पेशींत एकमेकींत गुंतून चालतात. बांधावरच्या फुकटच्या भाजीकडे बघण्याची माझी नजर बदलली, एवढं इथे लिहायला हरकत नाही.

६ एप्रिल, तासगाव

मामाच्या द्राक्षबागेत खरड छाटणी चालली होती. मामाला प्रकल्पाचं सांगितलं तर तो हसला. "आमचं हे रोजचंच हाय की. डॉगरीज कशाला लावलाय मग?" खरंच. द्राक्ष ईसी १.५ लाच कुरकुरायला लागतं. म्हणून खाली डॉगरीजचा जंगली खुंट आणि वर थॉमसनचं किंवा सोनाकाचं कलम. खुंटाचं मूळ खोल जातं आणि खाऱ्या जमिनीत तगतं. वेलाला वर काही शिकावं लागत नाही. मात्र डॉगरीजवर पालाश (पोटॅशियम) कमी उचललं जातं असं मामा म्हणतो. पानदेठाच्या तपासणीचे त्याचे कागद आम्ही पाहिले, त्यात पालाश खरोखर कमी आहे. सोडियम आणि पोटॅशियम यांची ओढाताण इथेही आलीच.

१३ एप्रिल

गावात एकजण बाटली घेऊन आला होता, "क्षार खाणारे जिवाणू", एकरी दोन बाटल्या. सोडियम हे मूलद्रव्य आहे, ते कोणी खाऊन संपवू शकत नाही. फार तर इकडचं तिकडे होईल. आप्पांनी बाटली घेतली नाही. पण रात्री विचारलं, "मग झाडं तरी मीठ काढतील का? ते सांग."

हिशेब पुन्हा मांडला. मिठात वाढणारी झुडपं लावली, एकरी चार टन वाळला पाला निघाला आणि त्यात तिसरा हिस्सा मीठ धरलं, तर सव्वा टनाच्या वर बाहेर जाईल. उसाच्या पाण्यातून येतात अडीच. म्हणजे पाणी असंच चालू राहिलं तर झुडपं हरतात. धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) तर मीठ काढतच नाही. त्याचं काम निराळं : मुळांतून आणि कुजताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड मातीतला चुना विरघळवतो, त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणावरचं सोडियम हुसकतं. जिप्समही कॅल्शियमच पुरवतं. पण हुसकलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला वाट हवी. म्हणजे आधी चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाईप, मग जिप्सम-धैंचा, त्यानंतर सहनशील वाण. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले २६५ हा वाण खारवट रानात इतरांहून बरा येतो, पण तोही ऊसच.

अडचण अशी की पाईपाचं तोंड ओढ्यात काढायचं तर मध्ये दोघांची रानं आहेत. एक काका तयार आहेत. दुसरे म्हणतात, "माझ्या रानात कुठाय मीठ?" त्यांच्याही मातीचा नमुना घेऊन आलेय.

२० एप्रिल

अहवालाचा मसुदा सरांना दिला. दोन मागण्या आल्या : रुजवणीचा प्रयोग अजून एकदा लावा, आणि हरळीच्या ग्रंथीचा फोटो बदला (जोडीदारीण जिंकली, ते केसच होते).

जोडीदारणीनं एक काम वाढवलंय, ते अहवालात नाही. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी त्यांच्या शिवाराजवळ आलंय, तिच्या चुलत्यांना पुढच्या हंगामात ऊस लावायचाय. माळ मुरमाड आहे, तिथे पाणी झिरपून जाईल. पण ओढ्यालगतची काळी पट्टी आमच्या खालच्या रानासारखीच आहे. तिथले तिन्ही खोलींचे नमुने तिनं आत्ताच घेऊन ठेवलेत, पिशव्यांवर तारीख आणि गट क्रमांक लिहून, म्हणजे पाणी सुरू झाल्यावर ताडायला पहिला आकडा हातात राहील. ईसी अजून ०.३ च्या खाली आहे. विभागातलं मीटर मे अखेरीस परत द्यायचंय, त्याआधी विहिरीच्या पाण्याचंही वाचन घ्यायचं.